दोन थेंब ॲसिटिक

मगदूम अण्णांनी जन्मात कुणावर आळ घेतला नव्हता. इचलकरंजीच्या एका प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, त्यांनी लॅबमध्ये अडतीस वर्षं काढली. तिथं लॉटच्या लॉट बिघडायचे, मालक टेबलावर हात आपटायचा, आणि चूक कुणाची असा प्रश्न आला की अण्णा खाली मान घालून म्हणायचे, माझंच काही चुकलं असेल. बहुतेक वेळा चुकलेलं नसायचं. पण बोलून मोकळं होणं त्यांना भांडणापेक्षा सोपं जायचं.

म्हणून कार्तिकातल्या त्या सकाळी, गुळाच्या डब्यामागं दडवलेली खाण्याच्या सोड्याची पुडी हाताला लागली, तेव्हा आपल्या मनात काय आलं याचीच त्यांना भीती वाटली. त्यांच्या मनात आलं होतं, की त्रिशला हे मुद्दाम करतेय.

त्रिशला, त्यांची बायको, तेव्हा बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेली होती. शेहेचाळीस वर्षांच्या संसारात त्या घरात काही लपवलेलं अण्णांना आठवत नव्हतं. लपवण्यासारखं होतं तरी काय? दोन खोल्या, मागं न्हाणीघर, पुढं तुळस, आणि माळ्यावर अण्णांच्या तीन पेट्या. एकीत पुस्तकं, दुसरीत लॅबमधून निवृत्तीच्या दिवशी मागून आणलेल्या काचेच्या वस्तू आणि बाटल्या, तिसरीत शेडकार्डं. शेडकार्ड म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेले रंगवलेल्या कापडाचे तुकडे. अण्णांनी स्वतः जुळवलेल्या चार हजार रंगांचे. 'मगदूमांचा डोळा' असं त्या काळी गावात म्हणत. त्यांनी हो म्हटलेला रंग गिऱ्हाईक परत पाठवत नसे.

आता तो डोळाही निम्माच राहिला होता. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, डावा तसाच होता. त्यामुळं उजवा डोळा मिटला की जग जुन्या तुपासारखं पिवळट दिसे आणि डावा मिटला की निळसर, धुतल्यासारखं. डावाही करून घ्या असं सगळे म्हणत. अण्णा पुढं ढकलत होते. त्यांना वाटे, शेडकार्डांतले रंग आपण ज्या डोळ्यांनी जुळवले, त्यांतला एक तरी राहू दे.

सोड्याची पुडी निम्मी झाली होती. अण्णांनी ती जशीच्या तशी मागं ठेवली आणि न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्याकडे पाहिलं. तिथं डबी होती.

डबी दीड वर्षापूर्वी आली. सत्तरीच्या पुढची जी जोडपी एकटी राहतात, त्यांच्यासाठी 'शतायू छत्र' नावाची विमा योजना निघाली होती, आणि पुण्याच्या सन्मतीनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, आईवडिलांना तिच्यात घातलं होतं. छत्राची अट साधी होती. रोज सकाळची पहिली लघवी छोट्या कपात धरायची आणि दोन मिनिटांच्या आत, कोमट असतानाच, डबीत ठेवायची. अण्णांच्या कपाची कड निळी, त्रिशलाच्या कपाची तांबडी. बटण दाबलं की डबी सामू सांगायची. पुस्तकात ज्याला सामू म्हणतात त्यालाच बाहेर लोक पीएच म्हणतात. द्रव आंबट किती आणि खारट-तुरट किती, हे सांगणारा तो आकडा. सात म्हणजे मध्य. लिंबाचा रस दोनच्या आसपास, चुन्याची निवळी बाराच्या वर. आकडा ठीक असला की डबीचा दिवा हिरवा, ठीक नसला की पिवळा.

अण्णांना सामू परका नव्हता. कापडावर रंग बसवायचा तर पाण्यात सोडा घालून सामू अकरावर न्यावा लागतो. रंग बसला की ॲसिटिक आम्ल घालून तो परत खाली आणावा लागतो, नाहीतर कापड कुजतं. हे त्यांनी हजारो वेळा केलं होतं. त्यामुळं डबी बसवायला आलेल्या मुलीला त्यांनी भीत भीत एक शंका विचारली होती. माणसाच्या रक्ताचा सामू सात पूर्णांक चारच्या आसपास पक्का बांधलेला असतो, शरीर तो हलू देत नाही. मूत्रपिंडं जे जास्तीचं असेल ते बाहेर टाकतात. म्हणजे लघवीचा सामू हा मोरीतून वाहणाऱ्या पाण्याचा सामू झाला. त्यावरून घरात काय चाललंय हे कसं कळणार?

मुलगी हसून म्हणाली होती की आजोबा, एका दिवसाच्या मोरीवरून कळत नाही. हजार दिवसांच्या मोरीवरून सगळं कळतं.

तेच या शोधाचं इंगित होतं. एकटा आकडा वाऱ्यावरच्या पानासारखा. पालेभाजी खाल्ली की वर, उपास केला की खाली. पण लाखो माणसांच्या रोजच्या आकड्यांच्या रेषा शेजारी शेजारी ठेवल्यावर छत्राच्या गणकयंत्रांना त्यांत वळणं दिसू लागली होती. गोळ्या चुकवणाऱ्याची रेषा वेगळी, रात्री झोप नसलेल्याची वेगळी, मूत्रपिंड थकायला लागलेल्याची तर दोन वर्षं आधीपासून वेगळी. आमच्या भागातले लोक अष्टमी-चतुर्दशी पाळतात म्हणून डबीवर एक उपासाचं बटणही होतं. ते दाबलं की त्या दिवशीचा आंबटपणा माफ.

माफ न होणारी गोष्ट एकच. सलग एकवीस दिवस दिवा पिवळा राहिला, तर 'स्वतंत्र वास्तव्य' रद्द. मग विमा हवा असेल तर मुलाकडे राहायचं. सन्मतीनं त्या कागदावर सही केली होती आणि अण्णांनीही केली होती.

मुलाचं घर पुण्यात सतराव्या मजल्यावर होतं. अण्णा एकदा तिथं तीन महिने राहून आले होते. सून भली होती, मुलगा भला होता, आणि अण्णांना दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीवर बसून आपण कुणाच्या पायात येत तर नाही ना, एवढंच वाटत राहिलं होतं. त्रिशला मात्र तिथं खुलली होती. नात ईशा फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती. दोघी एकमेकींच्या वेण्या घालत बसायच्या. निघताना त्रिशला लिफ्टमध्ये रडली होती. अण्णांनी तेव्हा ते पाहिलं होतं आणि पाहिलंच नाही असं केलं होतं.

आता दिवाळीनंतर त्रिशलाचा दिवा पिवळा झाला होता. आकडा सात पूर्णांक आठ, आठ, आठ पूर्णांक एक. बारा दिवस झाले होते. आणि खाण्याचा सोडा पोटात गेला की लघवीचा सामू नेमका असाच वर चढतो.

अण्णांनी तिला विचारलं नाही. विचारणं हे त्यांना कधीच जमलं नव्हतं. त्यांनी काय केलं, तर माळ्यावरची पेटी उघडून लॅबचा जुना काटा काढला आणि ती बस्तीत गेली की रोज पुडीचं वजन करू लागले. रोज चार-साडेचार ग्रॅम कमी होत होतं. मग त्यांनी डबीची परीक्षा घेतली. जे यंत्र आपल्याला आपल्या हातानं तपासता येत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही लॅबमधली शिकवण. जुन्या सामूपट्ट्या काढून त्यांनी त्रिशलाच्या कपात बुडवल्या. उजव्या डोळ्याला पट्टी निळसर दिसली, म्हणजे आठ. डाव्या डोळ्याला ती हिरवी दिसली, म्हणजे सात. ते खिडकीशी उभे राहून आळीपाळीनं डोळे मिटत राहिले. शेवटी डबीचं आणि उजव्या डोळ्याचं एकमत झालं म्हणून त्यांनी आठ धरलं.

आठवडाभर त्यांनी वाचनही केलं. माणसाच्या लघवीबद्दल छापलेलं जे जे मिळालं ते ते वाचलं, कारण त्यांचा स्वभावच तसा. सामू वर जाण्याची कारणं एका पानावर दिली होती: पालेभाज्यांचा आहार, सततच्या उलट्या, सोडा, मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग. काही जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात, त्यानं आकडा चढतो आणि मूत्रपिंडात खडेही धरतात. अण्णांनी ते सगळं वाचलं, सवयीनं पेन्सिलीनं खाली रेघही मारली. पण पुडी हाताशी असताना जंतू कुठं शोधायचे?

पंधराव्या दिवशी त्यांनी त्रिशलाला फोनवर बोलताना ऐकलं. ती परसात होती, अण्णा न्हाणीघरात.

"येते की गं ईशा, येते एकदा तिकडं," ती म्हणत होती. "आजोबांना मात्र बोलू नकोस. त्यांना नाही सांगायचं हे."

अण्णा पाण्याचा तांब्या हातात घेऊन तसेच बसून राहिले.

त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवायला बसले तेव्हा त्यांनी भाकरी मोडता मोडता, वर न बघता विचारलं, "पुण्याला जावंसं वाटतं काय तुला?"

तिनं चटकन वर पाहिलं. "का ओ? कुणी काय बोललं काय?"

"नाही. आपलं विचारलं."

"तुम्हाला जायचंय काय?"

"मला कशाला."

"मग झालं की. खावा."

एवढंच. पण 'कुणी काय बोललं काय' हे वाक्य अण्णांच्या डोक्यात घोळत राहिलं. निरपराध माणूस असं विचारत नाही, असं त्यांना वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली. मग परत तसंच वाटलं.

एकोणिसाव्या दिवशी छत्राचा निरोप आला, की दोन दिवस उरले आहेत. संध्याकाळी सन्मतीचाही फोन आला. आवाजात राग नव्हता, उलट मऊपणा होता, आणि अण्णांना त्या मऊपणाचीच धास्ती वाटली. तो म्हणाला, अण्णा, इकडची मागची खोली रिकामी करून ठेवतोय. पेट्यांचं काय ते बघू, सगळ्या काही मावणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्रिशला नेहमीप्रमाणं तांबड्या कडेचा कप झाकून कोनाड्यात ठेवून बस्तीला गेली. बटण दाबणं, आकडा बघणं हे अण्णांचं काम. मला काय कळतंय त्यातलं, असं ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती. अण्णांनी पेटीतून तपकिरी बाटली काढली होती. ॲसिटिक, पक्कं, पाणी न मिसळलेलं. त्या घरात व्हिनेगरसुद्धा कधी आलं नव्हतं, आंबवलेलं चालत नाही म्हणून. ही बाटली मात्र अकरा वर्षं माळ्यावर होती. त्यांनी ड्रॉपरनं कपात दोन थेंब सोडले. किंचित फसफसलं. काचेच्या कांडीनं हलवलं, बटण दाबलं.

सहा पूर्णांक चार. दिवा हिरवा.

त्यांचे हात थरथरत नव्हते, याचं त्यांना नंतर फार वाईट वाटलं. त्या क्षणी त्यांना फक्त जुनी, ओळखीची स्वस्थता वाटली होती. बाथ, म्हणजे रंगाचं पाणी, बिघडला होता, बाथ जागेवर आणला.

त्रिशला परत आली. उंबऱ्यातच थांबून म्हणाली, "कसला वास येतोय ओ? लोणचं नासल्यागत."

"शेजारी काहीतरी असेल," अण्णा म्हणाले आणि त्यांनी खिडकी उघडली.

"आकडा काय आला?"

"बरोबर आला. हिरवा."

"खरंच?"

"खरंच."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. चार हजार रंग जुळवलेल्या त्या माणसानं तिच्याकडे उजव्या, चांगल्या डोळ्यानं नीट पाहिलं आणि ठरवलं, की ही निराशा आहे.

असे सव्वीस दिवस गेले. रोज दोन थेंब. एखाद्या दिवशी तीन. रोज ती विचारी, आकडा काय आला, आणि रोज अण्णा सांगत, बरोबर आला. पुडी संपली, नवी आली. अण्णा वजन करत राहिले. त्यांच्या मनात आता एक विचित्र ईर्ष्या होती: तू घाल सोडा, मी घालतो ॲसिटिक, बघू कोण जिंकतं. त्रिशला जेवण कमी करू लागली, कमरेवर हात ठेवून उठू लागली, बस्तीतून यायला तिला वेळ लागू लागला. हे सगळं त्यांना दिसत होतं. पण संशय हाही चष्मा असतो, नंबर चुकलेला. त्यातून त्यांना ते सोंग दिसत होतं. आता आजारी पडून दाखवणार, असं ते मनात म्हणत.

त्या सव्विसाव्या दिवशी दुपारी तिला हुडहुडी भरली. तीन चादरी घातल्या तरी खाट वाजत होती. अण्णांनी कपाळाला हात लावला आणि झटका बसल्यासारखा मागं घेतला. शेजारचा नेमगोंडा रिक्षा घेऊन आला. रिक्षात ती अण्णांच्या खांद्यावर डोकं टाकून काहीबाही बोलत होती. मधेच स्पष्ट म्हणाली, "बटण दाबलं काय? हिरवा हाय न्हवं?"

रुग्णालयात तरुण डॉक्टर होती, मुजावर आडनावाची, चटपटीत आणि दमलेली. तिनं त्रिशलाच्या अंगठ्याचा ठसा घेतला तशी भिंतीवरच्या पडद्यावर छत्राची नोंद उघडली. त्याखाली तपासण्यांची यादी होती, आणि ती यादी छत्रानं क्रमानं लावलेली होती. जिथं घरची नोंद स्वच्छ, तिथली तपासणी यादीत तळाला. खर्च वाचावा, वेळ वाचावा म्हणून. 'मूत्रमार्ग: सव्वीस दिवस हिरवा, शंका नाही.' म्हणून आधी छातीचं क्ष-किरण छायाचित्र, मग डासांच्या तापाची रक्ततपासणी, मग आणखी काय काय. पहिल्या तपासणीच्याच रांगेत पाच माणसं होती. डॉक्टरनं विचारलं, आजींना काही त्रास होत होता का? अण्णा म्हणाले, नाही, बोलली नाही काही.

ते बाहेर बाकावर बसले आणि फोन वाजला. ईशा होती. सन्मतीनं तिला कळवलं होतं. ती रडत होती.

"आजोबा, डॉक्टरांना सांगा, आज्जीला जळजळ होत होती. लघवीला. दिवाळीपासून."

"दिवाळीपासून?"

"तिनं मला शपथ घातली होती. तुम्हाला सांगायची तिला लाज वाटत होती, आणि बाबांना कळलं तर तुम्हाला इकडं आणतील म्हणाली. तुमचा जीव इथं रमत नाही म्हणाली. मी म्हटलं तात्पुरता सोडा घे पाण्यातून, आणि एकदा इकडं ये, आपण बाईडॉक्टरांना दाखवू. येते म्हणाली. मग डबी हिरवी झाली ना. मग म्हणाली, आता काही काळजी नाही. आजोबा रोज स्वतः बघतात, त्यांचा डोळा चुकत नाही. मग मलाही वाटलं..."

पुढचं अण्णांना नीट ऐकू आलं नाही. पेन्सिलीनं रेघ मारलेली ओळ त्यांना डोळ्यांपुढं दिसत होती, पानाच्या उजव्या अंगाला, खालून चौथी.

आत जाऊन सांगायला पंधरा पावलं होती. अण्णा उठले आणि परत बसले. महिन्याभराचा त्यांचा सोबती, तो संशय, आता त्यांच्यावरच उलटला होता. आपलंच चुकत असेल तर? ताप छातीतलाच असेल, आणि आपण उगाच तोंड उघडून घर घालवून बसलो तर? नोंद खोटी निघाली की छत्र जाणार, घर जाणार, पेट्या जाणार. मुलगा तोंडाकडे बघणार नाही. एक तासभर थांबलं तर? छातीचं छायाचित्र येऊ दे. त्यात काही दिसलं तर बोलायची गरजच नाही.

आतून खाटेचा आवाज येत होता. हुडहुडी परत सुरू झाली होती.

ते पंधरा पावलं चालले. सन्मती तेव्हा डॉक्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर होता, काहीतरी विचारत होता. अण्णा त्याच्या देखतच बोलले, कारण तो जाईपर्यंत थांबलं असतं तर त्यांना बोलता आलं नसतं.

"डॉक्टर, ते हिरवे आकडे तिचे नाहीत. ते माझे आहेत."

"म्हणजे कप बदलला का आजोबा?"

"कप तिचाच. त्यात मी रोज ॲसिटिक घालत होतो. दोन थेंब. सव्वीस दिवस. खरा आकडा आठच्या वर होता. आणि तिला जळजळ आहे, दिवाळीपासून. मूत्रमार्ग आधी बघा."

डॉक्टर मुजावरनं टेबलावरची पाटी त्यांच्यापुढं सरकवली. म्हणाली, ही यादी मला मोडता येत नाही, फक्त नोंद खोटी आहे असं घरच्यांनी लिहून दिलं तरच मोडते. पण मग पुढं काय होतं तुम्हाला माहीत आहे ना? अण्णांनी माहीत आहे म्हटलं आणि सही केली. सही वाकडी आली, म्हणून त्यांनी खाली नाव परत सुवाच्य लिहिलं.

दहा मिनिटांत पट्टी आली, गर्द निळी. तासाभरात कळलं, की डाव्या मूत्रपिंडात खडा अडकला होता आणि त्याच्यामागं पू साठला होता. तिला लगेच सांगलीला हलवलं आणि नळी घालून पू काढला. तिथले मोठे डॉक्टर नंतर सन्मतीला म्हणाले, की छातीच्या रांगेत संध्याकाळ झाली असती तर जंतू रक्तात उतरले असते, आणि या वयात मग फार काही हातात राहत नाही.

चौथ्या दिवशी त्रिशला उशीला टेकून बसली. तोवर तिला सगळं कळलं होतं. सन्मतीनंच सांगितलं होतं, अण्णा खाली चहाला गेलेले असताना. तो अण्णांशी कामापुरतंच बोलत होता. ती दोन दिवस तेवढंही बोलली नाही. अण्णा खाटेशेजारच्या स्टुलावर बसत, मोसंबं सोलत, फोडींवरचा पांढरा धागान्‌धागा काढत, आणि ती न बघता फोडी खात असे.

मग, दोन दिवसांनी, ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं, मी पुण्याला जायला बघतेय."

"हो."

"म्हणून सोडा खातेय."

"हो."

"वजन करत होता म्हणे पुडीचं."

अण्णांनी मोसंबं खाली ठेवलं. "विचारायला पाहिजे होतं मी."

"आणि मी सांगायला." ती म्हणाली. "पण सांगू कुणाला? तुम्ही पुस्तकातून तोंड काढलंत तर सांगणार. असली गोष्ट काय पुस्तकाच्या पुठ्ठ्याला सांगायची?"

"तू लिफ्टमध्ये रडली होतीस," अण्णा म्हणाले. "त्यावरून मला वाटलं."

"ते होय." तिनं डोळे मिटले. "तीन महिने तुम्ही त्या खुर्चीत वाळत चाललेले बघून रडू आलं होतं. सुटलात एकदाचे, म्हणून."

छत्राचं पत्र आलंच. स्वतंत्र वास्तव्य पौषाच्या अखेरीपर्यंत, तेही देखरेखीखाली, त्यानंतर पुणे. सन्मतीनं मागची खोली रिकामी केली होती. पुस्तकांची पेटी वाचनालयानं नेली, काचसामान शाळेच्या प्रयोगशाळेनं. शेडकार्डांचं काय करावं हे अण्णांना ठरवता येत नव्हतं. नेमगोंडाच्या मदतीनं ती पेटी खाली उतरवून ते दिवसभर कार्डं उलटत बसत आणि संध्याकाळी परत तशीच भरत. तपकिरी बाटली त्यांनी पहिल्याच दिवशी परसात ओतून टाकली होती. तिथलं गवत पांढरं पडलं होतं.

घरी आल्यावर पहिल्या सकाळी त्रिशला काठी टेकत न्हाणीघरातून बाहेर आली. तांबड्या कडेचा कप तिच्या हातात होता. अण्णा सवयीनं कोनाड्याशी येऊन उभे होते.

"थांबा," ती म्हणाली. "हात दाखवा."

अण्णांनी दोन्ही हात पुढं केले, आधी तळवे, मग पालथे. ती ते बघत राहिली. बोटांवरचे रंगांचे जुने डाग, जे अकरा वर्षांत गेले नव्हते. मग म्हणाली, "आता मागं सरा. अजून. तिकडं, तुळशीकडं."

ते दारापर्यंत मागं सरले. तिनं स्वतः कप डबीत ठेवला, बटण कुठलं ते दोनदा पाहिलं आणि दाबलं. दीड वर्षात पहिल्यांदा.

डबी नेहमीप्रमाणं थोडा वेळ गुरगुरली.

"आकडा काय आला?" अण्णांनी दारातून विचारलं.

ती वाकून बघत होती. "सात, टिंब, सहा. दिवा पिवळाच आहे."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की काही दिवस असंच राहील. रोज बघा आणि आहे तसं कळवा. अण्णांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप चिमटीत आली होती, ड्रॉपर धरल्यासारखी. त्यांनी ती हळूच उघडली.

"पिवळाच ना? नीट बघ," ते म्हणाले.

"मला रंग कळतो," त्रिशला म्हणाली. "तुम्ही या आणि बघा वाटलं तर. पण हात मागं बांधून या."

अण्णा हात मागं बांधून आले. त्यांनी आधी डावा डोळा मिटला, मग उजवा. दोन्ही डोळ्यांना दिवा पिवळा दिसत होता.